एका माघातले दोन डोंगर

गोंदिया सोडून गाडी डोंगरगडच्या दिशेनं निघाली की सालेकशाच्या पुढे जंगल दोन्ही बाजूंनी रुळांपर्यंत येतं. माघी पौर्णिमेच्या त्या सकाळी डब्यात सगळा पिवळा रंग दाटला होता. खांद्यांवर पिवळे दुपट्टे, डोक्यांना पिवळे फेटे, बायकांच्या अंगावर पिवळी लुगडी. एक कुटुंब आदिलाबादकडून आलेलं, दुसरं मंडल्याचं. एकांची बोली तेलुगूकडे झुकणारी, दुसऱ्यांची हिंदीकडे, पण गोंडीतले सामाईक शब्द पकडून त्यांचं बोलणं चाललं होतं. शब्द अडला की दोघंही हसत आणि ‘जय सेवा’ म्हणून पुढे जात. मी उभी आहे असं पाहून एका म्हाताऱ्यानं पाय पोटाशी घेतले. ‘बसा न जी,’ म्हणाला. आमच्या वाई-साताऱ्याकडे यात्रेच्या गाडीत जागा मिळवावी लागते. इथे ती दिली जाते, तीही ‘जी’ लावून. या एका अक्षराची सवय मला पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत पहिल्याच दिवशी लागली.

दरेकशाला उतरून धनेगावच्या वाटेला लागलो. कचारगड सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत. देशभरचे गोंड हे आपलं मूळस्थान मानतात, आणि माघी पौर्णिमेला इथे त्यांची मोठी यात्रा भरते. साग, ऐन, तेंदू, मोह यांच्यामधून वाट चढते. मोह अजून फुलला नव्हता. पळसाला मात्र पहिली लाल फुलं लागली होती. ढोल वाजत होते, रांगेत हात गुंफून बायका नाचत होत्या. वाटेत भेटणारा माणूस ओळखीचा असो वा नसो, कपाळाला हळद आणि तांदळाचे दाणे लावत होता. आमच्याकडे जेजुरीला भंडारा उधळतात, तो देवावर आणि आभाळात. इथली हळद माणसाच्या कपाळावर जाते.

वाटेतच एका बाईंनी मला गुहेची कथा सांगितली. कली कंकालीची तेहतीस मुलं फार खोडकर होती. शंभूनं त्यांना या गुहेत कोंडलं आणि तोंडाशी प्रचंड शिळा लावली. आई रडत राहिली. मग पहांदी पारी कुपार लिंगो आला, त्याच्याबरोबर हिरासुका हा वादक. त्यांनी शिळा हलवली, मुलं सुटली, पण हिरासुका त्या शिळेखाली गेला. लिंगोनं त्या मुलांना शिकवलं, गोत्रं वाटून दिली, कोणी कोणत्या झाडाला आणि कोणत्या प्राण्याला जपायचं ते सांगितलं. तीच कोया पूनेमची, म्हणजे गोंडी धर्माची सुरुवात. सांगता सांगता हिरासुकाच्या जागी बाईंचा आवाज भरून आला. गुहेत शिरल्यावर त्या रडण्याचा अर्थ कळला. हजारो माणसं मावतील असा तो काळोखा पोकळ डोंगर, आणि मुलं कुठून आत गेली असतील हे दाखवणारी बोटं.

खाली उतरताना देवरीचा एक कॉलेजातला मुलगा बरोबर होता. शांतपणे म्हणाला, ‘आमी हिंदू नाही, ताई. आमचा धर्म येगळा हाये. जनगणनेत रकाना पायजे.’ इंग्रजांच्या काळात जनगणनेत आदिवासी श्रद्धांची वेगळी नोंद होत असे. स्वातंत्र्यानंतर तो रकाना गेला. तरीही 2011च्या जनगणनेत ‘इतर धर्म’ या सदरात दहा लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म गोंडी असा लिहून घेतला, आणि सरना हा आदिवासी धर्म लिहिणारे तर पन्नास लाखांच्या घरात होते. झारखंडच्या विधानसभेनं 2020मध्ये सरना धर्मासाठी वेगळ्या रकान्याचा ठरावही केला. या मागणीला ‘समाजात फूट’ म्हणणारे लोक मी माझ्या घरातही ऐकले आहेत. धर्म माणसं जोडतो की तोडतो, या आमच्याकडच्या वादात असं उदाहरण तोडण्याच्या बाजूला टाकलं जातं.

त्या मुलाकडे पाहताना मला ते पटेना. त्यानं माझ्या कपाळाला हळद लावली होती, त्याच्या मावशीनं पळसाच्या पानावर भात आणि लाखोरीची डाळ वाढली होती. धानाच्या बांधीत धान निघायच्या सुमारास ही लाखोरी पेरतात, ओल जिरायच्या आत ती उगवते आणि थंडीत तयार होते. मी कोणत्या रकान्यात बसते हे त्या मावशीला विचारावंसंही वाटलं नव्हतं. आपलं नाव आपण सांगणं ही फूट नव्हे. दुसऱ्यानं ठेवलेल्या नावाखाली गप्प बसायला लावणं आणि त्याला एकी म्हणणं, हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

पौर्णिमा ओसरली. देवरीवरून मी नवेगावबांधला आले. गोंदिया जिल्ह्याचा हा भाग तळ्यांचा आणि बोड्यांचा, म्हणजे छोट्या तळ्यांचा. कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी बांधलेल्या या तळ्यांवर धान पिकतं. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी, आणि बांध पुरा व्हायला त्यांनी हात लावला अशी श्रद्धा. कोलू पाटील आता कोलासूर देव झाले आहेत, एका टेकडीवर त्यांचं ठाणं आहे. मला हा देव फार आवडला. पाणी अडवलं म्हणून देव झालेला माणूस. त्याच्या पाण्यावर गोंडाचं, कुणब्याचं, बौद्धाचं, ढिवराचं, सगळ्यांचं चालतं. बांधावर बसून एका ढिवर काकांनी उकडलेले शिंगाडे दिले. हंगाम संपत आला होता, शिंगाडे जून झाले होते. ‘सोलून खा जी, काटा लागते,’ म्हणाले आणि स्वतःच सोलून देत राहिले.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिरलं की अरुणनगर, गौरनगर अशी नावं येतात आणि घरांची ठेवण बदलते. अंगणात केळी, दाराशी तुळस, घरामागे लहानसं तळं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या या वसाहती. त्यातले कित्येक रायपूरजवळच्या माना कॅम्पात काही काळ काढून मग इथे वसवले गेले. एका आजींच्या ओसरीवर मी संध्याकाळभर बसले. त्यांची मराठी झाडीची, पण गोल. ‘मी लाहान होती. बाबा रात्री उठवून म्हणाले, चाल. गाय सोडून दिली.’ गाईचं नाव त्यांना अजून आठवत होतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही. ज्या शेजाऱ्यानं धान्याच्या कणगीत लपवलं तो मुसलमान होता, आणि ज्यांनी घर जाळलं तेही. ‘मंग कोणाले दोष देऊ?’ असं त्या मलाच विचारत होत्या. रात्री त्यांच्याकडे भात आणि मोहरीच्या वाटणातला मासा जेवले. आमच्या घरी भाताला पाहुण्याचा मान, रोजची भाकरी ज्वारीची. इथे तिन्हीत्रिकाळ भात. जेवणानंतर खोल या बंगाली मृदंगासह हरिनामाचं कीर्तन बसलं. कुंपणापलीकडच्या गोंड घरातली दोन पोरं ओटीवर येऊन ताल धरत होती.

या आजींच्या बाबतीत धर्मानं तोडलं हे नाकारता येत नाही. रेष धर्माच्या नावानं ओढली गेली आणि ती एका माणसाच्या गोठ्यातून गेली. गोंदिया शहरात मी ज्यांच्या दुकानात चहा घेतला ते सिंधी कुटुंबही त्याच रेषेनं इथे आणून टाकलेलं. पण रेषेच्या दोन्ही बाजूंनी कणगी उघडणारी माणसंही धर्म पाळणारीच होती. आजी त्या शेजाऱ्यासाठी अजून तुळशीला एक दिवा जास्त लावतात.

तिथून गोठणगावच्या बाजूला गेलं की अचानक झाडांमधून पाचरंगी पताका दिसू लागतात. 1972 साली वसलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत. बर्फातून आलेल्या माणसांना विदर्भातलं ऊन मिळालं, आणि त्यांनी जंगल साफ करून त्यात धान लावलं. थंडी लागली की कित्येक घरांतली माणसं स्वेटर विकायला दूरच्या शहरांत जातात. फुटपाथवर ज्यांच्याकडून मी लहानपणी कानटोपी घेतली असेल, त्यांचं गाव असं मोहाच्या झाडांखाली असेल हे कधी मनातही आलं नव्हतं. मी गेले तेव्हा बरीच मंडळी परतली होती, कारण त्यांचं नवं वर्ष, लोसार, तोंडावर आलं होतं. महाशिवरात्र आणि लोसार काही वर्षी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं येतात. एका दारात खाप्सेचे, म्हणजे कणकेच्या तळलेल्या वेढ्यांचे, ढीग रचले जात होते. आपल्याकडच्या दिवाळीसारखी घराघरांत तळणाची धांदल.

माझ्याबरोबर अर्जुनीचे एक निवृत्त शिक्षक आले होते. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खिशाला निळं पेन. वसाहतीतल्या गोम्पात, म्हणजे मठात, एका भिक्खूंनी आम्हाला लोण्याचा खारट चहा दिला. गुरुजी तो पूर्ण प्यायले आणि मग त्यांनी वाद घातला. अवतार, तारादेवी, मंत्रांची चक्रं हे त्यांना मान्य नव्हतं. 14 ऑक्टोबर 1956ला नागपुरात बाबासाहेबांनी जो धम्म दिला त्यात या गोष्टींना जागा नाही, हे त्यांनी तुटक हिंदीत सांगितलं. भिक्खूंनी तितक्याच तुटक हिंदीत सांगितलं की करुणेला हजार हात लागतात, म्हणून मूर्तीला हजार हात. दोघांचंही समाधान झालं नाही. निघताना गुरुजींनी त्यांना आपल्या शेतातल्या तांदळाची पिशवी दिली. दर साली देतात म्हणे. वादही दर साली घालतात.

परत येताना रस्त्यात गुरुजी म्हणाले, ‘ताई, आमी येगळे झालो मनून एक झालो. पह्यले आमी कोनाचे होतो?’ मग बराच वेळ ते खैरलांजीबद्दल बोलत राहिले. 29 सप्टेंबर 2006ला शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं. आई, मुलगी, दोन मुलगे. तेव्हा अर्जुनीच्या शाळेत मुलांना काय सांगावं हे गुरुजींना कळेना. धर्मातलं ऐक्य सांगणाऱ्या प्रत्येक लेखात हे नाव यायला हवं असं मला वाटतं. त्याशिवाय मी पुढे ज्या प्रतापगडाच्या डोंगरावर गेले त्याचं कौतुक करण्याचा हक्क माझ्यासारखीला पोचत नाही.

महाशिवरात्रीला मी त्या प्रतापगडाच्या पायथ्याशी होते. गोठणगावजवळचा हा डोंगर जंगलातून उठलेला, वर जुन्या गोंडकालीन गडाच्या खुणा. डोंगरावर महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही. उस्मान हारुनी हे अजमेरच्या मोईनुद्दीन चिश्तींचे गुरू, त्यांची कबर मक्केत. इथे त्यांच्या नावाचं स्थान आहे आणि लोक त्यांना नुसतं ‘बाबा’ म्हणतात. विदर्भात या शब्दाला मोठं घर आहे. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांची तसबीर मी या प्रवासात हिंदूंच्या देवघरांत कित्येकदा पाहिली.

भंडारा, गडचिरोली, बालाघाट, राजनांदगाव, सगळीकडून माणसं येत होती. बैलगाड्या आता कमी झाल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वाढल्या. त्रिशूळ घेतलेले जथे महादेवाची गाणी म्हणत चढत होते. त्यात पिवळे दुपट्टेही होते. कचारगडच्या कथेत ज्यानं मुलं कोंडली त्याच शंभूला भेटायला हे गोंड आले होते. मी एकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘बाप रागावते न जी. मंग बापाकडं जाच नाही का?’ कचारगडला स्वतःचा वेगळा धर्म सांगणारा समाज इथे ओल्या अंगानं महादेवाला पाणी घालत होता आणि त्यात त्याला काही अडचण वाटत नव्हती. अडचण असते ती रकाने भरणाऱ्यांना.

जत्रेतल्या एका दुकानात मी बराच वेळ उभी राहिले. एका टोपलीत बेल आणि नारळ, शेजारी गुलाबाची फुलं, उदबत्त्या आणि हिरव्या चादरी. पुढे बत्तासे, फुटाणे, रेवड्या. दुकानदारीण गोठणगावची मुसलमान बाई. बेलाची त्रिदळं ती मोडकी निवडून काढत होती. ‘तीन पानाचाच पायजे, फाटका चालत नाही,’ असं तिनं मला बजावलं. माझ्या मागे एक नवविवाहित जोडपं होतं, हळदीचे हात अजून न सुटलेले. त्यांनी नारळ घेतला आणि चादरही.

वर चढताना उन्हानं घसा कोरडा पडला. वाटेत ठिकठिकाणी पाणी देणारे. कोण कोणाचा हे टोपीवरून कळत होतं, पण तांब्यावरून नाही. महादेवाशी ‘हर बोला’चा गजर, दर्ग्याशी लोभानाचा धूर आणि कव्वालीचा ढोलक. एक गोष्ट मी मुद्दाम पाहिली. इथे काहीही एकमेकांत मिसळलेलं नाही. महादेवापाशी पुजारी आपल्या पद्धतीनं अभिषेक करतो, दर्ग्यात मुजावर आपल्या पद्धतीनं फातिहा पढतो. कोणी कोणाचा मंत्र उसना घेत नाही. दोन दारं, दोन रिवाज, आणि चढणीची वाट एक. मला हे फार मोलाचं वाटलं. एकोपा म्हणजे दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी करणं, अशी समजूत भाषणांतून आपल्या कानांवर पडते. या डोंगरावर दोघंही पुरते आपापले राहून एका वाटेवर धाप टाकतात.

तिरोड्याकडची एक बाई दर्ग्याच्या पायरीवर माझ्याशेजारी टेकली. मुलासाठी महादेवाला नवस, नातीच्या आजारासाठी बाबाला. दोघांपैकी जास्त कोणाला मानता, असं मी विचारलं. ‘थोरल्याले जेवू घातलं मनून धाकल्याले उपाशी ठेवतेत का?’ ती म्हणाली आणि नातीच्या गळ्यातला ताईत सारखा करू लागली.

या डोंगरालाही सगळं माफ आहे असं नाही. पायथ्याशी पुढाऱ्यांच्या फलकांची गर्दी होती, आणि कोणाच्या मंडपातला महाप्रसाद मोठा याची चढाओढही. पण महाप्रसादाच्या पंगतीला जात विचारली जात नव्हती हे मी डोळ्यांनी पाहिलं. उपासाची साबुदाण्याची खिचडी आणि बिनउपासवाल्यांना भात-वरण, असे दोन मोठे टोप होते. माझ्या एका बाजूला बालाघाटचा पोवार शेतकरी, दुसऱ्या बाजूला गुरुजी. तेही आले होते. ‘देव मानत नाही मी. मानसं मानतो,’ म्हणाले आणि वरण मागून घेतलं. समोरच्या रांगेत दोन तिबेटी पोरी एकमेकींना खिचडी भरवत हसत होत्या.

पंगतीत गोठणगावचे एक पांढऱ्या दाढीचे काका वाढत होते. मी साताऱ्याकडची हे कळल्यावर त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. ‘तुमच्या इकडचा प्रतापगड तं मोठा, शिवाजी महाराजांचा. तेथंही हाये न जी कबर?’

आहे, मी म्हणाले. 10 नोव्हेंबर 1659ला त्या गडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला, आणि महाराजांनी त्याला तिथेच इतमामानं पुरू दिलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मेल्यावर वैर संपतं, हे माझ्या आजोबांनी मला ती कबर दाखवून शिकवलं होतं. मग त्या जागेवरून तंटे सुरू झाले, वाढलेल्या बांधकामावरून, तिथे होणाऱ्या उरुसावरून. वर्षानुवर्षं पोलिसांचा पहारा बसला, जाण्याची वाट बंद झाली. 10 नोव्हेंबर 2022ला, त्याच तारखेला, कबरीभोवतीची बांधकामं वनजमिनीवरची अनधिकृत बांधकामं म्हणून मोठ्या बंदोबस्तात पाडली गेली. कायद्याच्या बाजूनं त्यात बोलण्यासारखं असेल. पण त्या संध्याकाळी वाईत काही ठिकाणी पेढे वाटले गेले आणि माझ्या ओळखीच्या एका मुसलमान शिंप्यानं दुकान लवकर बंद केलं, हेही मी काकांना सांगितलं. आणि हेही सांगितलं की आमच्याच भागात, सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला, मोहरमचे उंच ताबूत आजही हिंदूंच्या खांद्यांवरून निघतात. आमच्याकडे एकच गोष्ट खरी नाही.

काका ऐकत राहिले. त्यांनी आमच्याकडच्या लोकांना नावं ठेवली नाहीत, उपदेशही केला नाही. बादली उचलून माझ्या पानात आणखी भात वाढला आणि म्हणाले, ‘पुढल्या शिवरातीले तुमच्या गावचे धाडा इकडं. पाच-धा जन आले तरी चालते. निजाले आमचं घर हाये, जेवाले हे हायेच.’ पोवार शेतकऱ्यानं त्यात भर घातली, परतीच्या वाटेत त्याच्याकडेही उतरावं, नवा तांदूळ निघालेला असतो.

वाईला आल्यावर मी हा निरोप ओळखीच्या घरांत पोचवला. काही ठिकाणी विषय बदलला गेला. त्या शिंप्याच्या बायकोनं आणि आमच्या आळीतल्या तिघींनी मात्र पुढची महाशिवरात्र कोणत्या तारखेला येते ते विचारून कॅलेंडरवर खूण केली आहे.